शुद्ध प्रत

सुलक्षणाने लाल पेनने ‘आवस’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर बारीक, गोलसर अक्षरात ‘आई’ लिहिलं. पुढच्याच ओळीत तो शब्द पुन्हा आला. तिने पुन्हा रेघ मारली. पान संपेपर्यंत तिची बोटं अवघडली. पेन खाली ठेवून तिने ती दोनचारदा उघडमिट केली, आणि पुढचं पान ओढलं.

जेवणाच्या टेबलावर दिवाळी अंकाचा पसारा होता. कार्डिफच्या मराठी मंडळाचा हा अंक दरवर्षी ऑक्टोबरात निघायचा. मराठी टाइपरायटर कुणाकडेच नव्हता. त्यामुळे आलेला सगळा मजकूर सुलक्षणा आपल्या हाताने कोऱ्या कागदांवर उतरवून काढायची, आणि तिचा नवरा, डॉक्टर शशिधर शिर्के, ओळखीच्या दुकानातून त्याच्या साठ प्रती काढून आणायचा. भूलतज्ज्ञांची कविता, लेक डिस्ट्रिक्टचं प्रवासवर्णन, ओव्हनमधल्या अनारशांची कृती, सगळं एकाच हातातून उतरायचं. लोक म्हणायचे, अंक अगदी छापल्यासारखा दिसतो. शुद्धलेखनाची एक चूक दाखवा आणि जेवायला या, असंही कुणीतरी गमतीने म्हणायचं.

आत्ता तिच्यासमोर होती ती चार पानं मात्र वेगळी होती. आखीव कागदावर आधी पट्टीने शिरोरेघा ओढून घेतल्या होत्या आणि मग त्यांना खाली एकेक अक्षर टांगलं होतं. अक्षर मोठं, लहान मुलाचं असावं तसं.

शशिधर चहाचा कप घेऊन आत आला.

“अजून त्या नर्सबाईंचंच चाललंय?”

“भाषा फार कच्ची आहे हो. एक वाक्य धड नाही. पण गोष्ट चांगली आहे.”

“मग तूच लिही नीट करून.”

“तेच करतेय,” सुलक्षणा म्हणाली.

द्रौपदी महादू तिला जूनमध्ये भेटल्या होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन सुलक्षणा वॉर्डमध्ये पडून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सरकला आणि कुणीतरी म्हणालं,

“वाईच कुशीवर व्हा, बाई. दुखंल, पन वाईचच.”

सुलक्षणाने डोळे उघडले नाहीत. भूल पुरती उतरलेली नाही, असं तिला वाटलं. पाठीखाली एक हात आला, सराईतपणे तिला वळवलं, आणि मग तिने डोळे उघडून पाहिलं. पन्नाशीच्या पुढची, सावळी, ठेंगणी नर्स. टोपीखाली करडे केस. छातीवरच्या पट्टीवर डी. महादू असं नाव.

“काल सायेब भेटाया आले तवा तुमी बोलत व्हता,” ती म्हणाली. “तो मी आयकला. मंग रातभर वाटला, कवा एकदा बोलतंय.”

“तुम्ही महाराष्ट्रातल्या?”

“मॉरिशस. माजा पनजा रत्नांग्रीचा. महादू त्येचा नाव. उतरल्यावर सायबानं इचारला, नाव काय? त्यानं सांगला, महादू. तोच आडनाव झाला सगळ्यांचा.”

बाई हसल्या. गेल्या सतरा-अठरा वर्षांत, नर्सिंग शिकायला म्हणून या देशात आल्यापासून, त्या मराठीत कुणाशी बोलल्या नव्हत्या. नवरा होता तेव्हा त्याच्याशीही बेटावरची बोली, क्रिओलच. तो जाऊन सहा वर्षं झाली होती.

सुलक्षणाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. संगमेश्वराच्या खाली, नदीच्या काठाला तिचं गाव होतं. वडील तिथे पोस्टमन होते. ‘वाईच’ हा शब्द तिने आईच्या तोंडून दिवसातून पन्नासदा ऐकला होता. अकराव्या वर्षी तिला पुण्याला मावशीकडे शिकायला पाठवलं. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून तिने धडा वाचला, ‘पानी’ म्हणाली, आणि मागच्या बाकांवरून हसू फुटलं. सहा महिन्यांत सुलक्षणाने आपली जीभ पाटीसारखी पुसून काढली. पुढे ती मराठी घेऊन बी.ए.ला पहिली आली. मंडळातली माणसं तिला फोन करून विचारत, हा शब्द ऱ्हस्व की दीर्घ? ती मूळची पुण्याचीच असणार, असं सगळे धरून चालत. तिनेही कधी नाही म्हटलं नव्हतं.

“तुमचं मराठी ऐकून फार बरं वाटलं,” ती त्या सकाळी द्रौपदीबाईंना म्हणाली. तेवढंच.

वॉर्डमध्ये ती आठ दिवस होती. द्रौपदीबाईंची ड्यूटी असेल तेव्हा त्या काम उरकता उरकता बोलत. चादर ताणता ताणता त्यांनी तिला ती गोष्ट सांगितली, आणि सुलक्षणा उशीवर डोकं टेकून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, “हे लिहून द्या मला. आमच्या अंकासाठी.”

“मला कुटला येतंय लिवाया?”

“अक्षरं येतात ना?”

“अक्षरां येतात. गावात बैठका व्हती. पत्र्याच्या शेडात मास्तर सांजचा शिकवीत. तीन वर्सां गेले.”

सप्टेंबरमध्ये एका सुट्टीच्या दिवशी त्या दोन बस बदलून घरी आल्या आणि पर्समधून घडी केलेली चार पानं काढून त्यांनी टेबलावर ठेवली. त्यांची मुलगी मधुमती, दहा वर्षांची होईपर्यंत बेटावर आजीजवळ वाढलेली, आता कार्डिफलाच युनिव्हर्सिटीत साहित्य शिकत होती, शेवटच्या वर्षाला. आई लिहायला बसलेली पाहून तिने वाद घातला होता म्हणे.

“म्हनते, मम्मा, बेटांवरची मानसं आता आपापल्या बोलीत लिवतात. आमाला कालेजात तोच शिकवतात. आपली बोली क्रिओल. तू क्रिओलात लिव.”

“मग का नाही लिहिलंत?” सुलक्षणाने विचारलं.

द्रौपदीबाईंनी थोडा विचार केला. कपाच्या कानावरून बोट फिरवलं.

“क्रिओलात मी बाजार केला, नवऱ्याशी भांडली. फ्रेंच शाळंतल्या मास्तरनीची. इंग्लिश नोकरीची. मराठीत कोन हाय? फकस्त आवस. मी मराठी लिवला नाय, तर ती ऱ्हाते कुटं?”

मग पानं सुलक्षणाकडे सारत त्या म्हणाल्या, “चुका असतील, बाई. दुरुस्त करा.”

गोष्ट साधी होती. पणजोबा महादू घरून निघाले ते राजापूरच्या बाजाराला जातो असं आईला सांगून. तिथून कुणाच्या तरी नादाने मुंबई, मुंबईहून बोट, आणि बोटीतून उतरले ते उसाच्या मळ्यात. आईला कळवणार कसं? लिहिता येत नव्हतं. मग पुढे त्यांचं लग्न झालं, गणपती बसायला लागला, आणि विसर्जनाच्या दिवशी मूर्ती पाण्यात गेली की त्यांची बायको गुडघाभर समुद्रात उभी राहून, हिंदुस्थान असेल असं वाटायचं त्या दिशेला तोंड करून, कधीही न पाहिलेल्या सासूला, पोरांच्या आजीला, ओरडून सांगायची: ‘आजे, आमी हितं बरी हाव! तू वाट नको बघू.’ तिच्यानंतर तिची सून. सुनेनंतर द्रौपदीबाईंची आई. ती तर जन्मलेलीच बेटावर. तरी दरवर्षी ओरडायची, सत्तरीपर्यंत. शेवटच्या वर्षी तिचा आवाज बसला होता, तेव्हा तिच्या जागी द्रौपदीबाई ओरडल्या.

शेवटी एक परिच्छेद इथला होता. कार्डिफला आल्यावर पहिल्याच वर्षी गणपतीच्या दिवसांत त्या एकट्या बॅरीच्या किनाऱ्यावर गेल्या, बूट काढून पाण्यात शिरल्या आणि ओरडल्या. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा धावत आला. बाई, तुम्ही संकटात आहात का, त्याने विचारलं. त्यांनी लिहिलं होतं: ‘मी त्येला सांगला, नाय. घरी निरोप देतंय. तो बोलला, मग जरा मोठ्यानं द्या. पन हितला समुदर कुटं जातो, मला म्हायत न्हाय.’

सुलक्षणाने तो परिच्छेद दोनदा वाचला. मग विषयांतर म्हणून कंस करून काढून टाकला. गोष्ट आईच्या आवाजापाशी संपायला हवी होती. ‘आमी हितं बरी हाव’च्या जागी तिने लिहिलं, ‘आम्ही इथे सुखरूप आहोत.’ आणि मग कोरा कागद घेऊन तिने सगळं स्वच्छ अक्षरात उतरवायला सुरुवात केली.

दिवाळीचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये झाला. द्रौपदीबाई निळ्या साडीत, मधुमतीला घेऊन आल्या होत्या. अंक हातात पडल्यावर त्यांनी आधी आपलं नाव शोधलं. ‘सौ.’ लिहिताना सुलक्षणाचा हात अडला होता, आणि तिने नुसतंच ‘द्रौपदी महादू, मॉरिशस’ लिहिलं होतं. त्या खुर्चीच्या कडेवर बसून ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या. ओठ हलत होते. मुलं फराळाच्या टेबलाभोवती पळत होती, कुणीतरी पेटी लावून पाहत होतं, आणि बाईंचं बोट सावकाश पुढे सरकत होतं.

“काय शुद्ध झाला,” मान वर करून त्या म्हणाल्या. “मी लिवला वाटतच नाय.”

मधुमतीला देवनागरी वाचता येत नव्हती. तिने आईला मोठ्याने वाचायला लावलं. अर्धं पान ऐकल्यावर ती इंग्रजीत म्हणाली,

“छान आहे, मम्मा. पण आजी असं बोलायची नाही. ही दुसरीच कोणीतरी वाटते.”

“गप गं. हा लिवन्यातला मराठी.”

“लिहायची भाषा वेगळीच असते, मधुमती,” सुलक्षणा म्हणाली. “तुमच्या कोर्समध्येही असंच असेल.”

“आमच्या वर्गात नेमकं त्यावरूनच भांडण असतं, मिसेस शिर्के,” मधुमती हसून म्हणाली, आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

निघताना द्रौपदीबाईंनी आपली मूळची पानं मागितली, लाल खुणांची.

“ती कशाला आता?”

“मी शिकन. चूक कुटं झाली ती कळाया होवी.”

सुलक्षणाने पुढच्या आठवड्यात ती पोस्टाने पाठवली. सोबत मंडळाचे तीन जुने अंकही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मधुमतीला रीडिंगला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. द्रौपदीबाईंनी लवकर निवृत्ती घेतली आणि त्याही तिकडे गेल्या. जाण्याआधी भेटायला आल्या, शेवयांची खीर घेऊन. त्यानंतर त्यांची दोन कार्डं आली. पहिल्यात आठ-दहा चुका होत्या. दुसरं नव्या वर्षाचं, त्यात एकही नव्हती. सुलक्षणाने ते शशिधरला दाखवलं होतं, थोड्या अभिमानाने.

आणि मग नव्वद सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, पद्माकरचा फोन आला. सुलक्षणाचा धाकटा भाऊ. चिपळूणला होता तो.

“ताई, आई गेली.”

“कधी?”

“बुधवारी. पहाटे. दोन दिवस एक्स्चेंजमध्ये बसून फोन लावत होतो, लागतच नव्हता. सगळं उरकलं गं. अंगणात शेणी मोजत होती आदल्या दिवशी. काही झालं नव्हतं.”

“मी येते.”

“आता येऊन काय करणार? यशोधनची परीक्षा आहे ना? मेमध्ये येणारच आहेस.” थोडा वेळ नुसती खरखर आली. “घर बंद केलंय. काका गेले, शेजारचे मुंबईला. आता कोण राहिलंय तिकडे?”

फोन ठेवल्यावर सुलक्षणा जिन्याच्या पायरीवर बसली. शशिधरने तिच्या पाठीवरून हात फिरवला, चहा केला, मंडळातल्या लोकांना कळवलं. दुपारपासून माणसं येत राहिली. त्यांचा मुलगा यशोधन खालच्या मानेने सगळ्यांचे कोट टांगत होता. सगळे चांगलं बोलले. कुणी म्हणालं, भरलं आयुष्य होतं. कुणी म्हणालं, सोनं झालं.

सोमवारी, मंगळवारी ती घरात कामं करत होती आणि आईचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होती. तो येत नव्हता. येत होता तो फोनवरचा. ‘मी बरी आहे. तुझी तब्येत कशी आहे? यशोधनला आशीर्वाद सांग.’ एकेक शब्द वेगळा, पत्रातून वाचून दाखवल्यासारखा. गेली कित्येक वर्षं आई तिच्याशी अशीच बोलत होती. पोस्टातल्या फोनसमोर उभी राहून, आधी मनात जुळवून घेऊन.

ते कधीपासून, हे सुलक्षणाला ठाऊक होतं. तिच्या लग्नात, पुण्याच्या कार्यालयात, आई पंगतीतून तांब्या घेऊन फिरत होती. शशिधरच्या आत्याबाईंपुढे वाकून तिने विचारलं, “पानी होवा काय?” आत्याबाई आणि त्यांच्या शेजारच्या बाईने एकमेकींकडे पाहिलं. सुलक्षणा शालू सावरत पुढे झाली आणि हळूच म्हणाली, “आई, ‘पाणी’ म्हण. ‘हवंय का’ म्हण.” आईने मान डोलावली. पुढच्या पानाशी जाऊन ती म्हणाली, “पाणी हवंय का?” उरलेल्या पंगतीत ती तसंच म्हणत गेली, आणि प्रत्येक वेळी म्हणून झाल्यावर तिने सुलक्षणाकडे पाहिलं होतं.

बुधवारी भांडी धुता धुता सुलक्षणाने नळ बंद केला. कानात एक वाक्य आलं होतं, वॉर्डमधल्या त्या सकाळचं: वाईच कुशीवर व्हा, बाई. तिने हात पुसले आणि शशिधरच्या वॉर्डला फोन केला.

“मी उद्या रीडिंगला जाऊन येते. द्रौपदीबाईंकडे.”

“उद्या? अगं, पण... मी येऊ?”

“नको. संध्याकाळी परत येते.”

गाडीत गर्दी नव्हती. नदीखालच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर इंग्लंडची बाजू लागली, ओलसर, करडी. सुलक्षणाने पुस्तक आणलं होतं, ते उघडलंच नाही. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. आई गेल्याचं आधी सांगायचं की नंतर, हेही नाही. त्या काहीही बोलल्या तरी चाललं असतं. बाजाराचं, गुडघ्याचं, मुलीच्या लग्नाचं. आपण नुसतं बसायचं आणि ऐकायचं. आणि जमलं तर आज सांगून टाकायचं, की बाई, मीही तिथलीच.

लाल विटांच्या घरांच्या रांगेत तेविसावं घर होतं. दार द्रौपदीबाईंनीच उघडलं. केस आता पांढरेशुभ्र झाले होते.

“या, या! किती दिवसांनी आलात. आत या, बाहेर थंडी फार आहे.”

सुलक्षणा पायपुसण्यावर उभी राहिली.

“कोट द्या तुमचा,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “प्रवास नीट झाला ना? गाडीला उशीर नाही ना झाला?”

“नाही,” सुलक्षणा म्हणाली.

बैठकीची खोली लहान आणि उबदार होती. गणपतीची तसबीर, मधुमतीचा पदवीचा फोटो, समुद्राचा एक रंगीत कॅलेंडर-फोटो. द्रौपदीबाईंनी चहा आणला, केक आणला. त्या बोलत होत्या. मधुमती ऑफिसला गेली आहे, ती सहा वाजता येते. जवळच्या रस्त्यावर पुण्याच्या एक बाई आहेत, कांताबाई, मुलाकडे राहतात. दर मंगळवारी दोघी भेटतात.

“त्या म्हणतात, तुमचं मराठी तर आमच्या सुनेपेक्षा शुद्ध आहे. मी त्यांना सांगितलं, आमच्या कार्डिफच्या बाईंनी शिकवलं.” त्या उठल्या आणि कपाटातून एक जाड वही घेऊन आल्या. “हे पाहा. तुम्ही पाठवलेले सगळे अंक मी उतरवून काढले. तीनदा. रोज सकाळी एक पान मोठ्याने वाचते.”

वहीत पानामागून पान सुवाच्य अक्षर होतं. शिरोरेघा आता पट्टीने ओढलेल्या नव्हत्या. अक्षराचं वळण सुलक्षणाला ओळखीचं वाटलं. क्षणभराने लक्षात आलं, ते तिचंच होतं.

“आणि ती तुमची पानं?” तिने विचारलं. “लाल खुणांची?”

“ती पाठ झाली, मग टाकून दिली. चुका कशाला जपून ठेवायच्या?” द्रौपदीबाई हसल्या. “मधू चिडवते मला. म्हणते, मम्मा, तू आता पुस्तकासारखी बोलतेस.”

सुलक्षणाने वही मिटून मांडीवर ठेवली. खिडकीबाहेरून एक बस गेली, काच थोडी थरथरली.

“द्रौपदीबाई, ती गोष्ट सांगाल मला? आईची. वॉर्डमध्ये सांगितली होती तशी.”

“ती तर तुम्हाला पाठ असेल.”

“तुमच्या तोंडून ऐकायची आहे.”

बाईंनी कप बाजूला ठेवला. पदर नीट केला, पाठ ताठ केली, आणि वर्गात उभ्या राहिलेल्या मुलीसारखी समोर नजर लावून सुरुवात केली. पणजोबा बाजाराला निघाले. बोट आली. ऊस आला. कुठेही अडखळल्या नाहीत. प्रत्येक ‘ण’ टाळूला लागत होता. ‘होता’, ‘होती’, ‘होतं’ आपापल्या जागी पडत होतं.

“...आणि मूर्ती पाण्यात दिसेनाशी झाली, की माझी आई गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि मोठ्याने म्हणायची, आजी, आम्ही इथे सुखरूप आहोत. आमची वाट पाहू नकोस.”

सुलक्षणा खाली वहीकडे पाहत होती.

“बॅरीचं काय झालं?” तिने विचारलं. “तो कुत्रावाला म्हातारा?”

“ते तुम्ही काढलं होतं ना? विषयांतर होतं म्हणून.” त्या थोड्या पुढे झुकल्या. “कुठे चुकलं का माझं?”

“नाही. कुठेच नाही.”

द्रौपदीबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी केकची बशी पुढे केली. सुलक्षणाने तुकडा उचलला आणि तसाच हातात धरला. तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर पडणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

“माजी आई गेली, बाई,” ती म्हणाली. “गेल्या बुदवारी. समदा उरकला, मंग मला सांगला. मी काय केला नाय तिच्यासाटी. काय पन केला नाय.”

अडतीस वर्षांत हे बोलणं तिच्या तोंडून निघालं नव्हतं. शब्द जड आणि खडबडीत लागले, दुसऱ्या कुणाच्या हाताने भरवल्यासारखे. द्रौपदीबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. त्या तिच्याकडे पाहत होत्या. कपाळावर एक आठी आली, गेली.

“बाई,” त्या म्हणाल्या, “तुमी...”

सुलक्षणाने मान वर केली.

द्रौपदीबाई थांबल्या होत्या. ओठ मिटून त्यांनी घोट गिळला. बशी खाली ठेवली, उठून सुलक्षणाच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. नर्सचे हात होते ते, कोरडे आणि उबदार.

“तुम्ही,” त्या सावकाश म्हणाल्या, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो.”

मग त्या बोलत राहिल्या. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा त्या इथे होत्या, ड्यूटीवर. तार आली होती. मेट्रनने एक दिवसाची रजा दिली, आणि त्या दिवशी काय करायचं ते कळेना, म्हणून त्यांनी सगळ्या घराचे पडदे धुतले होते. सुलक्षणा रडत होती आणि ऐकत होती. प्रत्येक वाक्य सुरू झालं की तिचे कान टवकारत, आणि वाक्य नीट, पूर्ण होऊन संपे.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले.

“तुमची गाडी किती वाजता आहे?” द्रौपदीबाईंनी विचारलं.

“आहे अजून,” सुलक्षणा म्हणाली. गाडी चार वाजता होती. पुढची साडेपाचला. “मग? पडदे धुतले, मग पुढे काय झालं?”

“पुढे ना,” द्रौपदीबाई म्हणाल्या, आणि सांगू लागल्या.